गोष्ट थांबवणारी कळ

कावळ्याने घर शेणाने बांधले आणि चिमणीने मेणाने, हे महाराष्ट्रातल्या मुलाला शाळेत जाऊन शिकावे लागत नाही. आजीकडून, आईकडून, नाहीतर शेजारच्या ओट्यावरून ते त्याच्या कानावर आधीच पडलेले असते. शाळेत गेल्यावर त्यात भर पडते ती एका प्रश्नाची. 'कावळा व चिमणी यांच्यातील फरक सांगा.' प्रश्नामागोमाग उत्तरही येते. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे कावळा, उजवीकडे चिमणी. हा आळशी, ती कष्टाळू. हा बेफिकीर, ती दूरदर्शी. मुले ते वहीत उतरवून घेतात, बाई लाल शाईची खूण करतात आणि पुढचा धडा सुरू होतो.

या सगळ्यात तुलना कोणी केली? मुलांनी केली नाही हे उघड आहे. बाईंनीही केली नाही. ती केव्हातरी कोणीतरी करून ठेवली होती आणि पिढ्यान्पिढ्या फळ्यावरून वहीत व वहीतून उत्तरपत्रिकेत उतरत आली. मुलाच्या पदरात पडली ती दोन विशेषणे. विशेषणे अशी आयती मिळाली की ती माणसांनाही तितक्याच सहजपणे चिकटवता येतात, हे मूल शाळेबाहेर फार लवकर शिकते. अमक्या आळीतले आळशी, तमक्या वस्तीवरचे चोर, बाहेरगावचे घाणेरडे. गोष्टीतल्या दोन पात्रांची तुलना हा म्हणूनच चार मार्कांचा किरकोळ प्रश्न नाही. एखादा असा का वागला, दुसरा तसा का वागला आणि आपण हे कशावरून म्हणतो, याचा विचार करायला माणूस पहिल्यांदा बसतो तो बहुधा तिसरी-चौथीच्या वर्गात, सतरंजीवर.

गेल्या काही वर्षांत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही प्राथमिक शाळांत, मागच्या भिंतीला टेकून, मी मराठीचे तास पाहिले. या शाळांतून आता पडदे आले आहेत, प्रोजेक्टर आले आहेत, कुठे बोटाने चालणारा फळा आहे, कुठे दोन-चार टॅब आहेत आणि बाईंच्या हातात मोबाइल तर सर्वत्रच आहे. माझे कुतूहल एवढेच होते की या यंत्रांमुळे फळ्यावरची ती उभी रेघ पुसट झाली की अधिक ठळक झाली? मला दोन्ही पाहायला मिळाले. ज्या वर्गात यंत्र गोष्ट सांगत होते तिथे रेघ ठळक झाली होती. ज्या वर्गात यंत्राचा उपयोग गोष्ट थांबवण्यासाठी होत होता तिथे ती पुसट होऊ लागली होती. महागडा फळा आणि साधा मोबाइल असा हा भेद नव्हे. बाईंचे बोट कोणत्या कळीवर आहे, यावर सारे अवलंबून होते.

कपाटातून भिंतीवर

शाळेत यंत्रे आणण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. दूरदर्शनवरून तिचे शैक्षणिक कार्यक्रम पाहिलेली एक अख्खी पिढी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. २०१७ साली ही संस्था बंद झाली. मधल्या काळात, १९८७ साली, केंद्र सरकारची 'खडू-फळा मोहीम' आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळे आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे, अशी ती योजना होती. त्या सुमारास शाळाशाळांना रेडिओ, टेपरेकॉर्डर, दूरदर्शन संचही मिळाले. त्यांतले किती वर्गात वाजले आणि किती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाआड राहिले, हे त्या काळात नोकरी केलेल्या कोणत्याही गुरुजींना विचारावे. साहित्य मोडले तर जबाबदारी आपल्यावर येईल या धास्तीने ते जपून ठेवले जाई; इतके जपून, की मुलांना त्याचे दर्शन तपासणीच्या दिवशीच घडे.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. लोकवर्गणी जमू लागली. बारामती-इंदापूर हा तर सहकाराचा टापू. नीरेच्या कालव्याखालचा ऊस, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे कारखाने. वर्गणीची पावती फाडण्याची सवय इथल्या माणसाला जुनीच आहे. सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात हात आखडता असतो, पण तिथेही शाळेसाठी लोकांनी पैसे काढले.

उजनीच्या जलाशयापलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी व पाठ मुलांना ऐकता-पाहता यावेत या त्यांच्या कामासाठी. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, हेही पुष्कळांना आठवत असेल. या पुरस्काराने इंदापूरकडच्या शिक्षकांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली: हे आपल्यासारख्याच शाळेत होऊ शकते.

त्याच वर्षी कोविडने शाळा बंद केल्या. मार्च २०२० मध्ये मिटलेली दारे खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी सर्वत्र उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, शिक्षण खात्याने 'गोष्टींचा शनिवार' सुरू केला आणि व्हॉट्सअॅपवरून गोष्टी घरोघर पोचू लागल्या. या धडपडीचे मोल मोठे आहे. मुलांच्या कानावर मराठी गोष्ट पडत राहिली. मात्र गोष्ट संपल्यावर 'तुला काय वाटले?' असे विचारणारे कोणी समोर नव्हते. शाळा उघडल्यावर यंत्रे वर्गात आली ती या सवयीसकट. गोष्ट 'लावून द्यायची'. ज्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत तिथे एका वर्गाला गोष्ट लावून दिली की दुसऱ्याचे गणित घेता येते. त्या बाईंना नावे ठेवण्यात अर्थ नाही. वर्ग शांत राहणे ही त्यांची गरज आहे. पण शांत वर्गात तुलना होत नाही, हेही खरे.

बगळा आणि भूक

इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला भीमेचे पाणी तुंबून राहिले आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि या काठावरची गावे वर सरकली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते पुन्हा दिसते आणि लोक होडीतून, कधी पायी, तिथे जाऊन येतात. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. मासेमारी बारा महिने चालते. या काठावरच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात, पंचतंत्रातल्या बगळा आणि खेकड्याच्या गोष्टीचा तास मी पाहिला.

गोष्ट सर्वांच्या माहितीची. म्हातारा बगळा माशांना सांगतो, तळे आटणार आहे, मी तुम्हाला दुसऱ्या मोठ्या तळ्यात नेऊन सोडतो. एकेकाला चोचीत धरून नेतो आणि खडकावर बसून खातो. शेवटी खेकड्याची पाळी येते. खडकावर हाडांचा ढीग पाहून त्याला सारे उमगते आणि तो बगळ्याची मान कापतो.

बाईंकडे या गोष्टीची चित्रफीत होती. तिच्यातला बगळा पहिल्या चित्रापासूनच तिरके डोळे करून हसत होता आणि त्याचा आवाज घोगरा होता. तो लबाड आहे हे कळायला गोष्टीची गरजच नव्हती. बाईंनी आवाज बंद केला. बगळा तळ्याकाठी मान खाली घालून उभा आहे, या चित्रावर गोष्ट थांबवली आणि विचारले, "हा आता माशांना सांगतोय की तळं आटणार आहे. खरं बोलतोय का खोटं?"

शहरातल्या वर्गात एका सुरात 'खोटं' असे उत्तर आले असते. इथे तसे झाले नाही. "खरं बोलतोय," एक मुलगा म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी आटतंच की. देऊळ दिसतं." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मग एक जण, बहुधा मासेमाऱ्याच्या घरचा, उठून म्हणाला, "बाई, बगळ्यानं मासा खाल्ला त्यात काय चूक? माझा बाप पण चिलापी धरतो. खोटं सांगून न्हेलं, ते वाईट."

कृती आणि तिच्यामागचे कपट वेगळे काढण्याचे हे काम त्या मुलाने अर्ध्या मिनिटात केले. पण खरी गंमत पुढे होती. "खेकडा कसा आहे?" या प्रश्नाला 'हुशार' असे उत्तर आले आणि बाईंनी लगेच विचारले, "कशावरून?" पुन्हा चित्रे मागे नेली, पुढे नेली. कोणत्या चित्रात खेकडा हुशार दिसतो ते मुलांना शोधून दाखवायचे होते. "हाडं बघितली तिथं." ठीक. मग मासे बावळट का? एका मुलीला ते पटेना. माशांना हाडे दिसली कधी? दिसली तेव्हा ते चोचीत होते. "ते बावळट न्हाईत बाई, घाबरल्याले हायत. घाबरल्यावर माणूस कुणाचं पण ऐकतं." आणि जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या आजीला पण सांगितलं हुतं, पाणी येणार हाय, दुसरीकडं चला."

वर्ग गप्प झाला. बाईंनी या वाक्यावर काही भाष्य केले नाही आणि तेच योग्य होते. आजीच्या गावाची कथा आणि माशांची कथा एक नाही. आजीचे गाव पाण्याखाली गेले हे खरे, पण आजी आहे, तिची नात शाळेत आहे. दोन्हींत काय सारखे आणि काय वेगळे, याचा विचार ती मुलगी पुढे कितीतरी वर्षे करील. पडद्यावरचे ते एक चित्र मिनिटभर थांबले नसते तर तिला ही आठवण बोलून दाखवायला जागाच मिळाली नसती.

सरकणारे शब्द

त्याच वर्गात नंतर बाईंनी फळ्यावर दोन मोठी वर्तुळे आणली, एकमेकांत थोडी शिरलेली. जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली मांडलेली ही आकृती आपल्याकडे मुलांना नववीच्या गणितात, संचाच्या प्रकरणात भेटते. चौथीच्या मराठीत ती फार आधी कामाला येते. एका वर्तुळात बगळा, दुसऱ्यात खेकडा, आणि दोघांत जे सारखे असेल ते मधल्या भागात. उभ्या रेघेत आणि या वर्तुळांत मोठाच फरक आहे. रेघेला मध्य नसतो. या आकृतीत मधली रिकामी जागा मुलांना खुणावत राहते: दोघांत सारखे काय?

मुलांनी 'लबाड', 'हुशार', 'म्हातारा' असे शब्द सांगितले आणि बाईंनी ते पडद्यावर टाकले. मग एकेकाने येऊन बोटाने शब्द ओढून आपल्या मते योग्य त्या जागी न्यायचा. 'हुशार' हा शब्द खेकड्याच्या वर्तुळात गेला. दुसऱ्या मुलाने तो मध्ये ओढला, कारण बगळ्यानेही युक्तीच केली होती. तिसऱ्याने तो पुन्हा परत नेला. शेवटी एका मुलाने बाईंना नवा शब्द लिहायला सांगितला: 'जगायचं होतं'. तो त्याने मध्ये ठेवला आणि कोणीही हलवला नाही.

या यंत्राचा मला उमगलेला खरा गुण हाच. खडूने लिहिलेला शब्द हलवायचा तर पुसावा लागतो, आणि पुसणे म्हणजे चुकले, हे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. ओढता येणारा शब्द पुसावा लागत नाही, नुसती त्याची जागा बदलते. मत बदलण्यात कमीपणा नाही, हे बोटाला कळते, मग मनाला कळायला वेळ लागत नाही. शिवाय आजचा फळा जपून ठेवता येतो. चार दिवसांनी तोच उघडून 'आपण असं का म्हणालो होतो?' असे विचारता येते.

अर्थात हे सारे पडद्याशिवायही होते. वीज गेलेल्या एका दुपारी, दुसऱ्याच एका शाळेत, गुरुजींनी अंगणात फक्कीने दोन वर्तुळे आखली आणि शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांच्या हातांत दिल्या. मुलेच शब्द झाली आणि या वर्तुळातून त्या वर्तुळात पळू लागली. मधल्या जागेत गर्दी झाली तेव्हा हसण्याने शाळा दणाणली. फक्कीची किंमत काय असते, ती सर्वांना ठाऊक आहे.

मेण कुठून आणायचे?

बारामती तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आसपास, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. गाळप आटोपेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, त्यांची मुले इथे असतात. काही जवळच्या शाळेत येऊन बसतात. हजेरीच्या वहीत त्यांची नावे बहुधा शेवटी असतात आणि वर्गातही ती शेवटीच बसतात. गावची मुले त्यांना नावाने हाक मारायला वेळ लावतात.

अशा एका शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंनी काऊ-चिऊची गोष्ट घेतली. त्यांच्याकडे पडदा होता, पण त्या दिवशी त्यांनी वापरला तो फक्त मोबाइलमधला ध्वनिमुद्रक. कारण सरळ होते. वर्गातल्या निम्म्या मुलांना मनातले लिहिता येत नव्हते. लिहायला सांगितले तर ती दोनच शब्द लिहिणार, आणि तेही शेजाऱ्याचे पाहून. बोलायला सांगितले तर बोलतील. म्हणून प्रत्येकाने बाईंजवळ येऊन एकच सांगायचे: पाऊस आला तेव्हा कोण बरोबर वागले आणि कशावरून?

गावातल्या एका मुलाने ठरलेले उत्तर दिले. "चिमणी बरोबर. कावळ्यानं आधीच नीट घर बांधायचं." बीडकडच्या एका मुलीने, पुष्कळ वेळ गप्प राहून, सांगितले, "चिमणीनं दार उघडाया पायजे होतं. लेकराला न्हाऊ घालस्तोवर त्यो भिजला की." बाईंनी विचारले, "पण त्यानं घर शेणाचं का बांधलं?" ती म्हणाली, "त्याच्याकडं मेण नव्हतं. मेण कुठून आणायचं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांची बोलणी वर्गाला ऐकवली, नावे न सांगता. आपलाच आवाज ऐकून मुले आधी लाजली, मग कान देऊन ऐकू लागली. मेणाचे वाक्य आले तेव्हा कुजबुज थांबली. आदल्या दिवशी ठरलेले उत्तर देणाऱ्या मुलाला बाईंनी पुन्हा विचारले. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "आळशी न्हाय म्हणता येणार. पण त्यानं पाऊस यायच्या आदी चिमणीला इचारायचं तरी."

हे काही हृदयपरिवर्तन नव्हे. त्याने आपले मत सोडले नाही. त्यातला एक शब्द मागे घेतला आणि एक नवा मुद्दा जोडला. तुलना शिकणे म्हणतात ते याला. पाचटाच्या छपराखाली अवकाळी पावसाची एक रात्र काढलेल्या मुलीला त्या गोष्टीत जे दिसले, ते पक्क्या घरातल्या मुलाला दिसणे शक्य नव्हते, आणि त्याला जे दिसले तेही अगदीच खोटे नव्हते. दोघांचे पाहणे शेजारी ठेवण्याचे काम त्या मोबाइलने केले. एरवी त्या मुलीचे वाक्य बाईंच्या कानापर्यंतही पोचले नसते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मुलांचे आवाज वर्गातच राहिले पाहिजेत. हौसेने ते गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले की एका मुलीचे प्रांजळ बोलणे घटकाभराची करमणूक होऊन बसते. त्या बाई आठवड्याने ध्वनिमुद्रण पुसून टाकत. ही शिस्त यंत्राबरोबर आपोआप येत नाही.

थांबण्याची जुनी रीत

गोष्ट थांबवून बोलणे ही काही परदेशी अध्यापनपद्धतीची देणगी नाही. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आणतो आणि नेमका तिथेच थांबून श्रोत्यांना विचारात पाडतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची रंगवलेली सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून ते कथा गातात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीचे चित्र स्वतःहून पुढे सरकत नाही. सांगणाऱ्याने हात लावला तरच ते उलटते. ऐकणाऱ्याची नजर जितका वेळ खिळेल तितका वेळ ते थांबते. पडदा असाच वापरला तर तो चित्रकथीचाच वारसदार ठरेल.

गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या १९३२ सालच्या गुजराती पुस्तकातले गुरुजी दंगेखोर वर्ग ताब्यात आणतात तो गोष्टीच्या बळावर. आज पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' या उपक्रमातून शाळांत नटांकरवी मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करते. तिथे पडदा नाही, जिवंत माणसे आहेत, आणि गोष्टीनंतर पुस्तक मुलांच्या हाती जाते.

बारामतीकरांना तर यासाठी दूर जायलाच नको. कऱ्हेकाठी मोरोपंतांनी (१७२९-१७९४) १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. कथा तीच, राम तोच, रावण तोच, आणि तरीही पुन्हापुन्हा सांगावीशी वाटली. त्यांतले एक 'निरोष्ठ' रामायण, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे. त्यात 'प', 'ब', 'म' ही अक्षरे चालत नाहीत. म्हणजे 'राम' हे नावही घेता येत नाही! चौथीच्या मुलांना एवढे सांगून पाहावे. रामाचे नाव न घेता राम कोण हे ओळखू येईल असे कसे सांगाल? मुलांना मग त्याच्या वागण्याकडे वळावे लागते: तो काय करतो, कोणाशी कसा बोलतो, काय सोडून देतो. विशेषणाऐवजी कृतीवरून पात्र ओळखण्याचा इतका चांगला खेळ दुसरा नसेल.

आणि एकाच गोष्टीची अनेक रूपे शेजारी ठेवणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतल्या बालकथा विनामूल्य वाचता येतात. काऊ-चिऊ तर घरोघर निराळी आहे. कुठे चिमणी शेवटी दार उघडते, कुठे उघडतच नाही, कुठे कावळ्याला तापल्या तव्यावर बसवते. मुलांनी आपापल्या आजीची गोष्ट मोबाइलवर उतरवून आणली तर एका वर्गात दहा चिमण्या जमतील. कोणती चिमणी खरी, या भांडणातून जे शिक्षण होईल ते कोणत्याही तयार चित्रफितीत मिळणार नाही.

मोजमापात न बसणारे

यावर एक रास्त आक्षेप येतो. मुलांना साधे वाचता येत नाही आणि तुम्ही पात्रांची तुलना कसली करता? 'प्रथम'च्या 'असर' पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले २०२४ साली दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०१८ साली हा आकडा २०.९ होता, आणि कोविडनंतर २०२२ साली तो १६.३ पर्यंत घसरला होता. म्हणजे सुधारणा आहे, पण चारांतली तीन मुले अजून अलीकडच्या तीरावरच आहेत. 'निपुण भारत' अभियानाने २०२१ पासून वाचनावर भर दिला तो उगाच नाही.

आक्षेप खरा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. आधी वाचन, मग विचार, असा क्रम मुलांच्या मनात नसतो. मेण कुठून आणायचे असे विचारणाऱ्या मुलीला उतारा वाचता येत नव्हता. आपल्या वाक्याने वर्ग गप्प झाला हे तिने पाहिले, तेव्हा तेच वाक्य फळ्यावर लिहिलेले वाचायला ती सर्वांत आधी पुढे आली. वाचायचे कशासाठी, हे तिला त्या दिवशी समजले. वाचनाची घाई करताना हे कारणच मुलांना द्यायचे राहून जाते.

यंत्राकडून होणारे नुकसानही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तयार चित्रफिती पात्रांना चेहरा, रंग आणि आवाज देऊन मोकळ्या होतात. काळे ते दुष्ट, गोरे ते भले, जाड ते आळशी, घोगरे ते लबाड. चित्रकाराने आधीच केलेली तुलना मूल डोळ्यांनी गिळते. टॅबवरच्या चाचणीत 'कावळा कसा होता?' याला चार पर्याय असतात आणि बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात. हीच ती जुनी उभी रेघ, आता आवाजासह. सवलतीत मिळाले म्हणून असले साहित्य विकत घेण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने एकच गोष्ट पाहावी: हे हवे तिथे थांबवता येते का, आणि थांबवल्यावर मुलाला स्वतःचे काही सांगायला जागा राहते का?

आणि दुसरी गरज शिक्षकांची. केंद्राच्या शिक्षण परिषदेत यंत्र सुरू कसे करायचे ते शिकवले जाते. कोणत्या चित्रावर थांबायचे, थांबून काय विचारायचे, उत्तर आल्यावर आपण किती वेळ गप्प राहायचे, यावर बोलणे होत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या तासांत बाईंचा सर्वांत वापरला गेलेला शब्द 'शाब्बास' नव्हता. तो होता 'कशावरून?' मराठीत हा शब्द मोठा सभ्य आहे. त्यात 'तू चुकलास' असा आरोप नाही. तू म्हणतोस ते खरे असेल, पण आधार दाखव, एवढेच तो मागतो.

बारामती आणि इंदापूरमध्ये ऊस आहे आणि ऊस तोडणारे आहेत, बागायत आहे आणि जिरायत आहे, जलाशयावर पोट असलेले आहेत आणि जलाशयाने उठवलेलेही आहेत. ही सारी मुले एका सतरंजीवर बसतात ती पहिली ते चौथीच्या चार वर्षांतच. पुढे ज्याची त्याची वाट निराळी होते आणि एकमेकांबद्दलची विशेषणे तेवढी उरतात. त्या चार वर्षांत कावळ्याविषयी 'कशावरून?' असे विचारायची सवय लागली, तर कोपीत राहणाऱ्या माणसाविषयीही तो प्रश्न पुढे कधीतरी ओठावर येईल. शाळेसाठी वर्गणी काढणाऱ्या गावाने पडद्याच्या किमतीबरोबर हाही हिशेब मांडावा.